पुरेशी मात्रा: पार्किन्सन्सच्या औषधोपचारातला खरा निर्णय

पार्किन्सन्सच्या औषधाची मात्रा केवळ रुग्णाचे वय, वजन किंवा तपासणीचा अहवाल पाहून ठरवता येत नाही. मधुमेहात रक्तातली साखर मोजता येते, थायरॉइडच्या विकारात संप्रेरकाची पातळी कळते. पार्किन्सन्समध्ये औषध पुरेसे आहे की नाही हे सांगणारी रक्ताची चाचणी उपलब्ध नाही. एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या आणि तितकीच वर्षे आजारी असलेल्या दोन माणसांपैकी एकाचे दिवसाला 300 मिलिग्रॅम लेव्होडोपा या प्रमुख औषधावर उत्तम चालते, तर दुसऱ्याला 800 मिलिग्रॅमही कमी पडते. म्हणून मात्रा शोधावी लागते, आणि आजार पुढे सरकतो तशी ती पुन्हा पुन्हा शोधावी लागते. या शोधात दोन चुका वारंवार होतात. औषधाच्या भीतीने माणसाला वर्षानुवर्षे अपुऱ्या मात्रेवर ठेवणे ही पहिली, आणि प्रत्येक नव्या तक्रारीला गोळी वाढवून उत्तर देणे ही दुसरी. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: मात्रा कशासाठी द्यायची, हा प्रश्न आधी विचारलेला नसतो.

आजाराचे स्वरूप ध्यानात घेतले तर हा प्रश्न का महत्त्वाचा ते कळते. मेंदूच्या बुंध्यात गडद रंगाच्या पेशींचा एक छोटा पट्टा असतो. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. तिथल्या पेशी डोपामाइन हे रसायन तयार करतात आणि हालचालींचे नियमन करणाऱ्या भागाला पुरवतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात. हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, हात कापू लागतो. लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजाराचे वर्णन केले. पण डोपामाइनचा संबंध उलगडायला त्यानंतर जवळपास दीडशे वर्षे लागली. 1957 मध्ये स्वीडनमध्ये अर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल केलेल्या सशांना लेव्होडोपा टोचले आणि ते पुन्हा हालू लागले. हे रेसर्पिन सर्पगंधेच्या मुळांतून मिळालेले होते. 1960 मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच आणि हर्बर्ट एहरिंगर यांनी पार्किन्सन्सच्या मृत रुग्णांच्या मेंदूंमध्ये डोपामाइनची तीव्र कमतरता दाखवली. डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्याचा पूर्वपदार्थ असलेले लेव्होडोपा मात्र शिरते. उपचाराची दिशा तिथे ठरली.

पुढची अडचण मात्रेचीच होती. 1961 मध्ये हॉर्निकिएविच आणि वॉल्टर बिर्कमायर यांनी 50 ते 150 मिलिग्रॅम लेव्होडोपा शिरेतून दिले. अंथरुणाला खिळलेले रुग्ण काही तास उठून चालले, पण परिणाम ओसरला. इतरांनी लहान मात्रा देऊन पाहिल्या. कोणाला गुण आला, कोणाला नाही, आणि मात्रा एकदम वाढवली की उलट्यांनी रुग्ण बेजार होत. औषध जवळपास बाजूला पडण्याच्या बेतात होते. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जॉर्ज कोट्झियस यांनी तोंडाने द्यायची मात्रा आठवड्यांमागून आठवडे अगदी हळू वाढवत नेली आणि दिवसाला 3 ते 16 ग्रॅम डोपापर्यंत पोचवली. 1967 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: अनेक रुग्णांमध्ये ठळक आणि टिकाऊ सुधारणा दिसली होती. परिणाम करणारा रेणू तोच होता, आजारही तोच होता. बदलली होती ती मात्रा आणि ती वाढवण्याची गती. पार्किन्सन्सच्या उपचाराचा हा पहिला धडा आजही तितकाच खरा आहे. पुरेशा मात्रेपर्यंत पुरेशा संथपणे न पोचता ‘औषध लागू पडत नाही’ असे म्हणता येत नाही.

इतके ग्रॅम लागत, कारण पोटात गेलेल्या लेव्होडोपाचे बहुतांश रूपांतर मेंदूबाहेरच डोपामाइनमध्ये होई. मेंदूपर्यंत फार थोडा अंश पोचे, आणि बाहेर तयार झालेले डोपामाइन मळमळ, उलट्या व रक्तदाब उतरणे यांना कारण होई. 1970च्या दशकात हे रूपांतर रोखणारी कार्बिडोपा आणि बेन्सेराझाइड ही जोड-औषधे आली. ती मेंदूत शिरत नाहीत, त्यामुळे त्यांचा अडथळा फक्त शरीरात राहतो. लेव्होडोपाची गरज सुमारे तीन-चतुर्थांशाने घटली आणि ग्रॅमची भाषा मिलिग्रॅमवर आली.

भारतातल्या रुग्णांसाठी या जोडीत एक बारकावा दडलेला आहे. इथे गोळ्या 110, 125 आणि 275 अशा आकड्यांनी ओळखल्या जातात. हा आकडा दोन औषधांची बेरीज असतो: 110 मध्ये 100 मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि 10 मिलिग्रॅम कार्बिडोपा, 125 मध्ये 100 आणि 25, तर 275 मध्ये 250 आणि 25. शरीरातले रूपांतर नीट रोखायला दिवसाला साधारण 70 ते 100 मिलिग्रॅम कार्बिडोपा लागते. दिवसातून तीनदा 110 घेणाऱ्याला ते फक्त 30 मिलिग्रॅम मिळते. तीनदा 125 घेणाऱ्याला 75 मिळते. लेव्होडोपा दोघांना सारखेच, तरी पहिल्याला मळमळ जास्त आणि गुण कमी असे घडू शकते. अशा वेळी ‘हे औषध मला सोसत नाही’ असे म्हणून उपचार सोडणारी माणसे आहेत. त्यांना न सोसलेली गोष्ट लेव्होडोपा नसून जोडीचे चुकलेले प्रमाण असण्याची शक्यता मोठी आहे. चिठ्ठीवरचा आकडा आणि दुकानातून हाती आलेल्या पट्टीवरचा आकडा ताडून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

उपचार सुरू कधी करायचा, याबाबत एक समज फार खोल रुजला आहे: लेव्होडोपाचा असर ठरावीक वर्षेच टिकतो, म्हणून ते जितके उशिरा सुरू करावे तितके पुढे हाताशी राहते. या समजापायी अनेकांनी सदऱ्याची बटणे लावता येईनाशी होईपर्यंत, नोकरी सुटेपर्यंत, घराबाहेर पडणे बंद होईपर्यंत गोळी टाळली आहे. हा समज कितपत खरा, हे घाना आणि इटली या दोन देशांतील रुग्णांच्या तुलनेतून स्पष्ट झाले. घानात औषध सहज उपलब्ध नसल्याने रुग्णांना ते आजार सुरू झाल्यावर अनेक वर्षांनी मिळे. इटलीत लवकर मिळे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की असर मध्येच ओसरणे आणि अनैच्छिक हालचाली होणे हे उपचारात पुढे दिसणारे दोन्ही त्रास दोन्ही देशांत आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर सुरू झाले. घानाच्या रुग्णांना वाट पाहण्याचा फायदा मिळाला नव्हता. त्यांची बरी वर्षे मात्र गेली होती. त्रासाचा संबंध औषध किती वर्षे घेतले याच्याशी नव्हता. तो आजाराच्या कालावधीशी आणि वजनाच्या प्रमाणात घेतलेल्या दैनंदिन मात्रेशी होता. 2019 मध्ये नेदरलँड्समधील 445 रुग्णांच्या चाचणीने दुसरी बाजू पूर्ण केली: लगेच औषध सुरू केलेल्या आणि 40 आठवडे थांबवलेल्या गटांत 80 आठवड्यांनंतर फरक राहिला नाही. लवकर सुरू केल्याने आजार थांबत नाही आणि बळावतही नाही. निर्णय रोजच्या गरजेवर घ्यायला त्यामुळे पूर्ण मोकळीक आहे.

मात्रा मोठी असण्याची किंमत मात्र खरी आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एलडोपा चाचणीत 361 नव्या रुग्णांना 40 आठवडे दिवसाला 150, 300 किंवा 600 मिलिग्रॅम लेव्होडोपा अथवा औषधविरहित गोळी देण्यात आली. सर्वांत चांगली हालचाल 600 मिलिग्रॅमच्या गटाची होती. पण याच गटात 16.5 टक्के रुग्णांना अनैच्छिक हालचाली सुरू झाल्या. 300 मिलिग्रॅमच्या गटात हे प्रमाण 2.3 टक्के होते. स्ट्राइड-पीडी या 700हून अधिक रुग्णांच्या चाचणीच्या विश्लेषणातही मात्रा वाढते तसा हा धोका वाढतो आणि दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या आत तो कमी राहतो, असे आढळले. तरुण वयात आजार सुरू होणे, स्त्री असणे आणि वजन कमी असणे यांनीही धोका वाढत होता. वजनाचा मुद्दा भारतात विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. 45 किलो वजनाच्या बाईला आणि 80 किलोच्या पुरुषाला तीच गोळी तितक्याच वेळा देणे म्हणजे सारखी मात्रा देणे नव्हे.

या दोन सत्यांना एकत्र ठेवले की तत्त्व हाती येते: लवकर सुरू करायला घाबरू नये, पण गरजेपेक्षा जास्त देऊ नये. प्रश्न उरतो तो गरज कोणी आणि कशी मोजायची याचा. तपासणीच्या खोलीत बोटे आपटायला लावून मिळणारे गुण एवढ्याने गरज कळत नाही. शिंप्याला सुईत दोरा ओवता आला पाहिजे, शिक्षिकेला फळ्यावर वाचता येईल असे लिहिता आले पाहिजे, दागिने घडवणाऱ्याचा हात स्थिर राहिला पाहिजे. निवृत्त माणसाला सकाळचे फिरणे, अंघोळ आणि जेवण स्वतःच्या हाताने जमले तर तो समाधानी असू शकतो. पहिल्या तिघांना जी मात्रा अपुरी, ती चौथ्याला पुरेशी. शिवाय सगळी लक्षणे सारखी प्रतिसाद देत नाहीत. मंदपणा आणि ताठरपणा लेव्होडोपाने लवकर हटतात. कंप पुष्कळदा हट्टी असतो. कापणारा हात लोकांना दिसतो म्हणून त्याची लाज वाटते, आणि केवळ तो थांबावा यासाठी मात्रा चढत जाते. माणसाचे काम अडत नसेल, तर कंपाचा शेवटचा अंश मोडून काढण्यासाठी गोळ्या वाढवणे हा सहसा तोट्याचा सौदा असतो.

सर्वसाधारण पद्धत अशी आहे: अर्ध्या गोळीने, म्हणजे 50 मिलिग्रॅम लेव्होडोपाने सुरुवात करायची, काही आठवड्यांत 100 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा इथपर्यंत पोचायचे, आणि तिथे थांबून काय साधले ते पाहायचे. कमी पडले तर पायरी-पायरीने वर जायचे. निदान पक्के असूनही गुण येत नाही, किंवा निदानाबद्दलच शंका आहे, अशा वेळी दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅमपर्यंत, सोसेल तसे, महिनाभर नेऊन पाहिल्याखेरीज औषधाला प्रतिसाद नाही असा शिक्का मारत नाहीत. तीन अर्ध्या गोळ्यांवर दोन आठवडे काढून उपचार निष्फळ ठरवणे हा रुग्णावर अन्याय आहे.

लेव्होडोपाला पर्याय किंवा जोड म्हणून इतर औषधे आहेत, आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी आहे. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही औषधे डोपामाइनची नक्कल करतात. त्यांनी अनैच्छिक हालचाली उशिरा येतात म्हणून तरुण रुग्णांत ती आधी देण्याचा प्रघात होता. पण ती मनाचा लगाम सैल करू शकतात: जुगार, बेसुमार खरेदी, अति खाणे, अनावर कामेच्छा. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 3,090 रुग्णांच्या पाहणीत ही औषधे घेणाऱ्यांपैकी 17.1 टक्के लोकांत असे वर्तन आढळले, न घेणाऱ्यांत 6.9 टक्के. घरचे लोक या वर्तनाचा संबंध गोळीशी लावत नाहीत आणि रुग्ण शरमेने बोलत नाही. म्हणून मात्रा वाढवताना डॉक्टरांनी हा प्रश्न थेट विचारलाच पाहिजे. ब्रिटनमधील 1,620 रुग्णांच्या पीडी-मेड चाचणीत लेव्होडोपाने सुरुवात केलेल्यांचे हिंडणे-फिरणे इतर औषधांनी सुरुवात केलेल्यांपेक्षा थोडे पण टिकून चांगले राहिले. उतारवयात तर भास, गुंगी आणि उभे राहताच येणारी भोवळ यांमुळे ही नक्कल करणारी औषधे जपूनच वापरावी लागतात. कंपासाठी आपल्याकडे सर्रास दिले जाणारे ट्रायहेक्झिफेनिडिल वृद्धांची स्मृती गढूळ करते आणि लघवी अडवते. स्वस्त आणि जुने आहे एवढ्यावरून ते निरुपद्रवी ठरत नाही.

पहिली काही वर्षे तीन वेळच्या गोळ्या दिवसभर पुरतात, कारण उरलेल्या पेशी डोपामाइन साठवून हळूहळू सोडत असतात. त्या घटल्या की साठवण संपते. कार्बिडोपासह दिलेले लेव्होडोपा रक्तात जेमतेम दीड तासात निम्मे होते, आणि हालचाली आता या चढउताराच्या मागे धावू लागतात. गोळी लागू झाली की माणूस ‘ऑन’, उतरली की ‘ऑफ’. चार ते सहा वर्षांच्या उपचारानंतर सुमारे 40 टक्के रुग्णांत हे सुरू होते. इथून पुढे दिवसाची एकूण मात्रा हा अर्धाच प्रश्न उरतो. ती घड्याळावर कशी वाटायची हा दुसरा अर्धा. 600 मिलिग्रॅम तीन वेळांत घेण्याऐवजी पाच-सहा वेळांत घेतले तर त्याच एकूण मात्रेत ‘ऑफ’ वेळ कमी होऊ शकतो. मात्र तुकडे फार लहान करूनही चालत नाही. प्रत्येक रुग्णाचा एक उंबरठा असतो आणि त्याखालची गोळी वाया जाते. एन्टाकापोन किंवा रासाजिलीन जोडून गोळीचा असर लांबवता येतो. एन्टाकापोन जोडल्यावर अनैच्छिक हालचाली वाढल्या, तर लेव्होडोपा कमी करावे लागते.

गोळी आणि जेवण यांचे नाते याच टप्प्यावर ठळक होते. लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत ज्या वाटेने शिरते, त्याच वाटेने प्रथिनांतले काही घटक जातात. वरण, उसळ, दूध, पनीर, अंडी किंवा मासे यांच्या सोबत गोळी घेतली तर ती अडून राहते. म्हणून जेवणाआधी अर्धा ते एक तास गोळी घ्यावी. त्रास फार असेल तर प्रथिने रात्रीच्या जेवणात जास्त घ्यावीत, पण बंद करू नयेत, कारण या आजारात वजन तसेही घटते. लोहाच्या गोळ्या वेगळ्या वेळी घ्याव्यात. बद्धकोष्ठ आणि मंद पचन यांमुळेही गोळी उशिरा लागते. दुपारची गोळी लागत नाही ही तक्रार मात्रा वाढवून सोडवण्याआधी दुपारी ताटात काय होते हे विचारावे.

उलट दिशेचा निर्णयही तितकाच महत्त्वाचा आहे. अनैच्छिक हालचाली रुग्णापेक्षा पाहणाऱ्यांना जास्त खुपतात. खिळून बसण्यापेक्षा थोडे डोलणे बरे, असे बहुतेक रुग्ण सांगतात. त्या सौम्य असतील तर त्यांच्यासाठी मात्रा कापू नये. तीव्र असतील तर एका वेळची मात्रा कमी करणे, जोड-औषध काढणे किंवा अमँटाडिन देणे हे मार्ग आहेत. भास आणि संशय सुरू झाले तर आधी ट्रायहेक्झिफेनिडिल, अमँटाडिन आणि नक्कल करणारी औषधे कमी करतात. लेव्होडोपाला हात सर्वांत शेवटी लावतात. तोल जाणे, गिळताना ठसका लागणे, आवाज पुटपुटता होणे, विसरभोळेपणा ही लक्षणे लेव्होडोपाला फारसा प्रतिसाद देत नाहीत, कारण त्यांची मुळे डोपामाइनपलीकडच्या यंत्रणांत आहेत. तिथे व्यायाम, भौतिकोपचार आणि वाचोपचार यांची गरज असते. गोळ्या वाढवून फक्त भास आणि भोवळ वाढतात. गोळ्यांना उत्तम प्रतिसाद असूनही चढउतार आवरत नाहीत अशा निवडक रुग्णांत मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया मात्रा बरीच खाली आणू शकते.

योग्य मात्रा दुसऱ्या औषधामुळेही निकामी होते. उलटीसाठी दिलेले मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठीचे प्रोक्लोरपेराझिन आणि फ्लुनारिझिन, चिडचिडीसाठीचे हॅलोपेरिडॉल ही सगळी डोपामाइनची वाट अडवतात. अशी गोळी सुरू असताना लेव्होडोपा वाढवत नेणे व्यर्थ आहे. ती गोळी थांबवणे हाच उपचार. रुग्णालयात दाखल झाल्यावर वेळापत्रक मोडण्याचाही मोठा धोका असतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2018 मध्ये दर्जाचा निकषच घालून दिला, की दाखल रुग्णाला लेव्होडोपा ठरलेल्या वेळेपासून 30 मिनिटांच्या आत मिळाले पाहिजे. औषध एकाएकी बंद केले तर तीव्र ताप, टोकाचा ताठरपणा आणि शुद्ध हरपणे अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. शस्त्रक्रियेआधीच्या उपवासाच्या सूचनेत या गोळ्यांचे काय करायचे, हे म्हणूनच स्वतंत्रपणे विचारून घ्यावे.

खाजकुयलीच्या बियांचा, म्हणजे कवचबीजाचा, उल्लेख इथे आवश्यक आहे. त्यांत लेव्होडोपा असते हे भारतीय संशोधकांनी 1937 मध्येच दाखवले होते आणि ते परिणामकारकही आहे. पण बियांतले प्रमाण साधारण 4 ते 6 टक्क्यांच्या दरम्यान बदलते, चूर्णाच्या डब्यागणिक ते वेगळे निघू शकते, आणि त्यात कार्बिडोपा नसते. डॉक्टरांना न सांगता गोळ्यांसोबत हे चूर्ण घेणारा रुग्ण प्रत्यक्षात किती लेव्होडोपा घेतो आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. वनस्पतिजन्य म्हणून ते मात्रेच्या नियमातून सुटत नाही. तेही हिशोबात धरावेच लागते.

या सगळ्याचा अर्थ असा, की मात्रा ठरवण्यासाठी लागणारी सर्वांत मोलाची माहिती रुग्णाच्या घरात असते. डॉक्टर दर तीन महिन्यांनी दहा-पंधरा मिनिटे पाहतात. त्या वेळी माणूस ‘ऑन’ आहे की ‘ऑफ’ हा निव्वळ योगायोग असतो. भेटीआधीचे तीन-चार दिवस साध्या वहीत गोळीची वेळ, जेवणाची वेळ, असर सुरू झाल्याची आणि ओसरल्याची वेळ, आणि अनैच्छिक हालचाली कधी झाल्या एवढे लिहिले, तर त्या पानावरून जो निर्णय घेता येतो तो कोणत्याही यंत्राच्या अहवालावरून घेता येत नाही. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे स्वमदत गट रुग्णांना शुभार्थी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना शुभंकर म्हणतात. शुभार्थीने आपल्याला काय करता यायला हवे ते सांगावे, शुभंकराने जे दिसले ते लिहावे, आणि डॉक्टरांनी त्या दोन्हींना धरून मात्रा बसवावी. स्वतःच्या मनाने गोळी वाढवू नये, कमी करू नये, थांबवू नये. पण न पुरणारी मात्रा सोसत गप्पही बसू नये. ज्या मात्रेत माणूस आपली कामे आपल्या हाताने करतो आणि औषधाचा जाच होत नाही, ती त्याची योग्य मात्रा, मग तिचा आकडा शेजारच्या रुग्णापेक्षा कमी असो की जास्त.